जागची न हललेली मोटरहोम

ये, अशी जवळ बस. ते जमत नसेल तर निदान हा कागद तरी जवळ धर. मागच्या खेपेला बूट चढवता चढवता विचारलंस, "मावशी, ड्राइव्हवेवर तेवढाच लांबट तुकडा पांढरा का गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत ॲन आर्बरला पळालीससुद्धा. अशी कशी गं तू? प्रश्न विचारायचा आणि उत्तराला थांबायचं नाही, ही थेट तुझ्या आईची सवय. म्हणून लिहून काढते. मी काही लेखिका नाही, जसं बोलते तसंच कागदावर येईल.

तिथं एक मोटरहोम उभी असायची. म्हणजे ट्रकच्या पाठीवर अख्खं घर. दोन पलंग, दोन बर्नरची शेगडी, फ्रिज, इवलंसं नहाणीघर. तुझे काका जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तुझा दादा, माझा मुलगा, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला नव्या टाउनहाउसमध्ये राहायला गेला होता. मी त्याच्याकडे गेले की नातवाची खोली मला मिळायची आणि तो सोफ्यावर झोपायचा. सून काही वाईट नाही, तुला माहितीये. कुणी काही बोललं नाही. पण एका सकाळी दार उघडलं तर पोरगं बाहेर भिंतीला टेकून उभं. म्हटलं, काय रे? तर म्हणे, "सॉक्स." आत कपाटात मोजे होते, आणि आजी उठायची वाट बघत तो अनवाणी थांबला होता.

ते मोजे माझ्या डोक्यातून जाईनात. इथे ट्रॉयला घरी परतले तरी तेच. वाटलं, आपलं घरच बरोबर नेता आलं तर? त्यांच्या दारासमोर उभं राहायचं. माझी चूल मला, त्यांची खोली त्यांना. नातवानं खिडकीतून हाक मारायची, रात्री मी माझं दार लावून घ्यायचं.

आणि वाणसामान आणायला जाताना एका घरापुढे गवतावर ती दिसली, विकायची पाटी लावलेली. मालकीण माझ्याच वयाची गोरी बाई, माझ्यासारखीच एकटी. माझं मोडकं इंग्रजी आणि तिचा धीर, यावर आमचं भागलं. तिनं इंजिन दाखवलं, पाण्याची टाकी दाखवली, गॅसचा नळ दाखवला. मी एकच विचारलं, वरच्या कपाटाखाली माझा कुकर मावेल का? कुकर म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी कुकरच घेऊन गेले.

"छप्पर तेवढं बघून घे," ती म्हणाली. "बरेच महिने बंद आहे." बाईनं शिडीसुद्धा लावून ठेवली होती. मी म्हटलं, या वयात कुठे चढू? आणि आत शिरले. परक्याची वास्तू, म्हणून आधी ओट्यावर उदबत्ती लावली. हात जोडले. मग डाळ-तांदूळ चढवले. पहिली शिट्टी झाली तशी ती बाई दचकून पायरीवरून खाली उतरली. मग खूप हसली आणि उभ्या उभ्या चमच्यानं वरण-भात खाल्ला. म्हणाली, "किती छान वास येतोय, आमच्या चर्चसारखा." मला बरं वाटलं. अगं, तिथेच मी फसले. जुनं फिरतं घर घेताना आधी नाकानं बघायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. नाकाचं काम मीच उदबत्तीनं बंद करून टाकलं होतं.

गाडी तिनंच चालवत आणली. तोंड रस्त्याकडे करून लावली, म्हणजे तुला निघायला सोपं, म्हणाली. मग मी तिला माझ्या गाडीतून घरी सोडलं. दार आलं तरी ती जरा वेळ तशीच बसून राहिली. मीही घाई केली नाही.

फोनवर दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, इतक्या लांब ड्राइव्ह कोण करणार? आणि इथे सोसायटीची असोसिएशन असल्या गाड्यांचं पार्किंग अलाउ करत नाही." मी म्हटलं, बघू, निघेल काहीतरी मार्ग. तेवढ्यात नातवानं फोन ओढून घेतला. "आजी, आर यू कमिंग इन युअर हाउस?"

"येणार रे सोन्या. थंडी संपू दे."

आठवडाभर रोज त्यात दिवा-उदबत्ती केली. मग पुडा संपला आणि नेमका दोन दिवस पाऊस लागला. दार उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास. पलंगाशेजारची भिंत दाबली, तर भिजवलेल्या पोह्यांत जावं तसं बोट आत गेलं. दुरुस्तीवाला वर चढला, स्क्रूड्रायव्हरनं टोचून टोचून पाहिलं. म्हणाला, आतलं लाकूड कुजलंय. दुकानापर्यंत जाईल, डोंगर ओलांडायचा विचार करू नका. त्या बाईला मी बोल लावत नाही. तिनं शिडी लावली होती.

दादाला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "आर यू कमिंग" संपलं असतं. दर रविवारी पोरगं विचारायचं आणि मी म्हणायची, येणार, येणार. कधी गुडघा पुढे केला, कधी बर्फ. दुपारी चहा घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायची. समोर रस्ता. पोस्टमन हात करायचा.

असे चार हिवाळे गेले. मग एका रविवारी त्यानं शाळेचं सांगितलं, मॅचचं सांगितलं, आणि "बाय आजी" म्हणून फोन बाबाला दिला. मी थांबले होते. पुढच्या रविवारीही त्यानं विचारलं नाही. त्याच आठवड्यात माणूस बोलावला आणि गाडी ओढून न्यायला सांगितली. खालचं सिमेंट बघ, घातलं त्या दिवसासारखं पांढरं राहिलंय.

आता तू फोनवर म्हणतेस, "मावशी, नेक्स्ट वीकेंडला नक्की." तो आवाज मी ओळखते गं, चार वर्षं माझाच होता. राग नाही. कामं असतात, जीव थकतो. पण येणार म्हणून सांगू नकोस. नुसती ये. तासाभराचा तर रस्ता. त्या पांढऱ्या तुकड्यावरच गाडी लाव, रिकामा आहे. कुकर तोच आहे. डाळ-तांदूळ तू दारात आल्यावरच चढवीन. लवकर ये.