कपाटावरचा कीबोर्ड

मिलिंदराव गेले त्या दिवशी त्यांच्या मांजरी गावातल्या घरात मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. माणसं भिंतीला टेकून बसली होती. कॉलेजातले एक प्राध्यापक शेजाऱ्याला हलक्या आवाजात सांगत होते, की आमचे सगळे सर्व्हर एकटे मिलिंदराव सांभाळायचे, मागे कंट्रोलर बंद पडला तेव्हाही त्यांनीच सगळं उभं केलं. आणि मी, त्यांचा साडू, पांढरा सदरा घालून, तितक्याच हलक्या आवाजात म्हणालो, "कंट्रोलर मी आणला होता. बुधवार पेठेतून." प्राध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं, संध्यानं, पाहिलं नाही. ते जास्त वाईट होतं.

त्याला आता दोन महिने होत आले. सकाळी फिरायला गेलेला माणूस परत आलाच नाही, इतकं ते अचानक होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चौघं त्यांच्या आठवणींवर बोलले. मला बोलायला सांगितलं नाही... संध्यानंच तसं सुचवलं असावं. म्हणून हे लिहितोय.

वाघोलीच्या एका कॉलेजात आम्ही सतरा वर्षं एकाच खोलीत बसलो. ती नोकरी मला त्यांच्या शब्दावर लागली होती, आणि असा उपकार माणूस सहजासहजी माफ करत नाही. सासरी ते थोरले जावई, कॉलेजात ते मुख्य. सासूबाईंचा मोबाइल अडला तरी त्या फोन त्यांनाच करायच्या, मी समोर बसलेला असलो तरी. मी हात पुढे केला तर म्हणायच्या, "राहू दे, मिलिंदरावांना विचारते." मी तो हात मग तसाच केसांतून फिरवायचो.

त्यांचा खरा थाट दिसायचा तो फर्मवेअरच्या रविवारी. सर्व्हरच्या आत डिस्क, पंखे, वीजपुरवठा असे जे सुटे भाग असतात, त्यातल्या प्रत्येकाच्या पोटात त्याचं काम सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तेच फर्मवेअर. ते अधूनमधून नवं करावं लागतं, आणि ते चालू असताना कुणी मधेच यंत्र बंद केलं तर तो भाग कायमचा मुका होतो. मिलिंदराव एका वेळी एकच भाग घ्यायचे. प्रत्येक भागानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करून आकडे तपासायचे. मी आकडे वाचायचे, त्यांनी पेन्सिलीनं वहीत लिहायचे. पण मधे एक वेळ अशी येते, की पडदा काळा पडतो, पंखे घोंगावतात, आणि दहा-पंधरा मिनिटं यंत्र जिवंत आहे की गेलं, काही कळत नाही. त्या वेळी मिलिंदराव उठायचे, कीबोर्ड काढून कपाटावर ठेवायचे आणि डबा उघडायचे. "प्रकाशराव, आपल्या बोटांवर आपला भरवसा नसतो," असं म्हणून पोहे खायला लागायचे. माझा डबा तसाच बंद राहायचा. मला त्यांच्या हुशारीपेक्षा त्या भुकेचा हेवा वाटायचा, खरं सांगतो.

एकदा ते लग्नासाठी नागपूरला गेले होते. मीच म्हटलं, हा रविवार मी करतो. फोनवर त्यांनी सगळं नीट सांगितलं, आणि वर, पडदा काळा झाला की खाली जाऊन चहा घ्या, असंही सांगितलं. मी गेलो नाही. चहा ते पितात, मी लक्ष ठेवतो, असा माझा बाणा. तेराव्या मिनिटाला मी यंत्र बंद करायचं बटण दाबून धरलं... सगळ्या डिस्क एकत्र हाकणारा कंट्रोलर गेला. माहिती शाबूत होती, पण ती वाचणारं कुणी उरलं नाही. सोमवारी मी बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घालून तसाच जुना कंट्रोलर मिळवला, हे खरं आहे. तो मारला कुणी, हे मी त्यांच्या मांजरीच्या घरी सांगायचं विसरलो.

कंट्रोलर गेल्याचं कळल्यावर प्राचार्यांसमोर मिलिंदराव म्हणाले, "कुठवर थांबायचं हे मी त्यांना लिहून द्यायला हवं होतं." सगळ्यांना तो त्यांचा मोठेपणा वाटला. मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात नवं फर्मवेअर आलं. प्राचार्यांनी मला विचारलं, जमेल ना, की बाहेरून माणूस बोलावू? एवढंच विचारलं, पण मिलिंदरावांची खुर्ची माझी की नाही ते त्यात ठरत होतं. रविवारी एकटाच बसलो. आकडे वाचलेही मी, लिहिलेही मी. पडदा काळा झाला. तेरा मिनिटं झाली, सोळा झाली. मी उठलो, कीबोर्ड कपाटावर ठेवला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. विसाव्या मिनिटाला पडदा उजळला. सगळं ठीक होतं. ती रिकामी खोली बघून मला इतका राग आला... की अहो, आज तरी असायचं होतं.

सोमवारी प्राचार्य खूश झाले. म्हणाले, "मिलिंदरावांनी पद्धत फार चांगली घालून दिली होती."

घरी येऊन मी हे संध्याला तावातावानं सांगितलं. म्हटलं, माणूस जाऊनही माझ्या पुढेच. ती मटार सोलत होती. डोळे पदरानं टिपून म्हणाली, "भाऊजी आता आणखी पुढे जायचे नाहीत, तिथेच थांबलेत. तुम्ही सावकाश गाठा."