सोडलेला प्याला

आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. बाया डाव्या बाजूला सतरंजीवर, माणसं उजव्या बाजूला. भाकरीचा तुकडा घ्यायचा आणि सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घोटभर प्यायचं. प्याल्यात मनुका उकळून गाळलेलं पाणी असे. ते माझ्या सासूबाई करत. कोणाशी भांडण असेल तर न पिता प्याला पुढे द्यायचा आणि आधी समेट करायचा, अशी आमच्याकडची रीत. म्हणून कोणी प्याला सोडला की सगळ्यांचं लक्ष जाई.

मी तेव्हा पंचविशीची, दोन लेकरांची आई. नवरा भला माणूस. पण भजनाला ढोलकी वाजवणारा एक जण पुढेच बसे. बाह्या वर सारून तो दोऱ्या ताणी, तेव्हा माझी नजर त्याच्या मनगटावर जाई. आधी नुसती नजर. मग घरी भाकरी थापतानाही तो आठवू लागला. मग नवऱ्याचा हात अंगावर असतानाही. तो माझ्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता. त्याला यातलं काही ठाऊक नसावं.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं की परक्याची अभिलाषा मनात धरली तरी व्यभिचार झालाच, आणि अशा मनानं जो पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. ते माझ्याकडेच बघून बोलताहेत असं मला वाटलं. प्याला हातात आला आणि मी तो तसाच शेजारणीला दिला.

बाहेर आल्यावर तीच हसून म्हणाली, "काऊन वं, पुन्हा दिवस गेले का? मनुकाचाही वास सोसत नाही?"

मी मान खाली घातली. सासूबाई मागेच होत्या.

दुपारी मी ज्वारी पाखडत होते. त्या समोर येऊन बसल्या.

"माह्यामुळंच सोडला ना प्याला?"

"नाही, आत्याबाई."

"लपवू नको. तुह्या बापानं भाकरीपायी धर्म घेतला म्हणली मी. चार बायांदेखत. लागलं असंन तुले."

लागलं होतंच. पण त्या दिवशी ते माझ्या मनातही नव्हतं.

"माह्या तोंडाले लगाम नाही. मले माफ कर, बाई." आणि कधी धड हाकही न मारणाऱ्या त्या बाईनं माझ्यापुढे हात जोडले.

खरं ओठापर्यंत आलं. पण ते बोलले असते तर या घरात माझी जागा राहिली नसती. लेकरंही माझ्याजवळ राहिली नसती. मी म्हटलं, "माफ केलं, आत्याबाई." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सूप माझ्या हातून घेतलं.

पुढच्या महिन्यात प्याला माझ्याकडे आला तेव्हा त्या टक लावून बघत होत्या. समोर ढोलकी चालू होती. मी डोळे मिटले, तर त्याची बोटं अधिकच दिसली. तरीही मी प्यायले. पाणी गोड होतं, त्यांनी त्या दिवशी मनुका जास्त घातल्या होत्या.

त्यानंतर मी कधी प्याला सोडला नाही. सोडला असता तर त्यांनी पुन्हा हात जोडले असते. माझ्या पापासाठी दुसरं कोणी माफी मागतं, हे मला त्या दंडापेक्षा जड वाटे. आणि दर महिन्याला पिताना वाटे, तो दंडही आता पोटात साठत चालला आहे.