फोर्टातली दगडी बाई

माझ्या हातात चिमीचा हातच नव्हता. फोर्टातल्या जुन्या इमारती बघत चालले होते, भिंतीतून बाहेर आलेली ती दगडी तोंडं बघत, आणि पोर कधी सुटली तेच कळलं नाही.

"बाई, वर काय बघताय, पोरीकडं बघा," वॉचमन म्हणाला.

मी धावत सुटले. खांबामागं खांब, सगळे सारखेच. ज्यांनी ही तोंडं घडवली ते कधीच गेले, पण त्यांचं बघणं इथंच राहिलंय असं वाटलं.

एका दगडी बाईच्या पायाशी चिमी बसली होती. कपाळावर ओलं कुंकू. आसपास कोणी नाही.

"कोणी लावलं गं?"

"या मावशीनं. रडू नको म्हणाली."

तिला उचललं नि पळाले. आता पदर ओला करून बसलेय, पण कुंकू पुसायला हात होत नाही. त्या दगडी बाईनं पोर सांभाळली म्हणून लावलं, की स्वतःची समजून? तुम्ही पुसलं असतं का?