रिलीव्हर आल्याशिवाय

जगातले सगळे पहारेकरी एका रांगेत उभे केले, तरी जागा न सोडण्यात माझ्या मामांचा हात धरणारा एकही निघायचा नाही. चाकणच्या कंपनीत त्यांनी उभं आयुष्य प्रेस मशीनवर काढलं आणि तिथला एकच नियम घरी आणला: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. काळेवाडीच्या घरात चहाचं आधण ठेवलं असताना कुणी हाक मारली, तर मामा आधी कुणाला तरी शेगडीपाशी उभं करतात आणि "पानी उकळलंय, साखर टाकली न्हाई" असा रीतसर चार्ज देतात. एका लग्नात त्यांना मठ्ठ्याच्या पिंपापाशी उभं केलं आणि सगळे विसरले. वऱ्हाड गेलं, मांडववाले खांब उपटायला लागले, तरी मामा ओगराळं हातात घेऊन उभेच. मठ्ठा केव्हाच संपला होता.

मी कामगार युनियनची पत्रकं काढणारा माणूस, त्यामुळे स्पष्टच लिहितो: हा नियम नव्हे, कामगाराच्या पायातली बेडी आहे. मामी गेली त्या दुपारी रिलीव्हर आला नव्हता. दवाखान्यातून निरोप आला, सुपरवायझर "बघतो" म्हणाला, आणि मामा पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी संतापून त्यावर पत्रक लिहिलं. मामांनी ते वाचलं, घडी करून खिशात घातलं. "छापू नगंस लेका. तिचं नाव कंपनीच्या भिंतीवर नगं." विषय तिथंच मिटला. माझा राग मिटला नाही.

मामेबहिणीने लंडनला बोलावलं तेव्हा मामांची सोबत म्हणून मी गेलो. जिथं राजांना मुकुट घालतात आणि पुढे पुरतातही, ते शेकडो वर्षांचं राजघराण्याचं चर्च बघायचं ठरलं. दारातच मामांनी बूट काढले. तिथल्या बाईंनी घालायला लावले, तेव्हा म्हणाले, "मानसं झोपल्यात खाली, आन् वरनं बूट घालून तुडवायचं व्हय?" मग ते प्रत्येक थडग्याला वळसा घालत चालले. राज्याभिषेकाच्या लाकडी खुर्चीवर जुन्या काळच्या पोरांनी चाकूने नावं कोरलेली आहेत. राजेशाही, लूट, आपल्या लोकांचा घाम, असं माझं भाषण नुकतं रंगात येत होतं. मामा खुर्चीकडे बघत म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. पोरं कोरत हुती तवा हितं ड्युटी कुनाची हुती?"

एका कोपऱ्यात लोक मेणबत्त्या लावत होते. गेलेल्या माणसासाठी लावतात, असं मी सांगितलं. मामांनी एक लावली. मी पुढे गेलो, बराच वेळ हिंडलो, परत आलो तर मामा तिथंच, हात मागे बांधून.

"मामा, चला. बंद करतायत."

"पेटती हाय. सोडून कसा येऊ?"

"अहो, इथं शंभर पेटल्यात!"

"बाकीच्या माझ्या न्हाईत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "मग मी थांबतो. तुम्ही व्हा पुढे."

"तू? पाच मिनिटांत भाषण ठोकायला निघून जाशील."

तेवढ्यात काळा झगा घातलेला एक म्हातारा सेवेकरी आम्हाला बाहेर काढायला आला. मी भांडायच्या तयारीत होतो, पण मामांचा चेहरा उजळला. "साहेब, चार्ज. वन कॅण्डल. रनिंग. माय मिसेस."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं, रिलीव्हरचं आणि त्या दुपारचंही. तो हसला नाही. त्याने मामीचं नाव विचारलं आणि उच्चारून पाहिलं. मामांनी दोनदा चुकीचं म्हणून परत पाठवलं, तिसऱ्यांदा पास केलं. मग तो मेणबत्त्यांपाशी जाऊन हात बांधून उभा राहिला, अगदी मामांच्या जागी.

"ओके?" मामांनी विचारलं.

"ओके," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मामांनी घड्याळ बघितलं. "मानूस टायमाला आला बघ आज," एवढंच बोलले आणि मागे न बघता चालू लागले.

मी मात्र दोनदा वळून बघितलं.