बिनमिशीचा मामा

“बसा बसा, जागा हाय!”

जीप तोवर गच्च भरलेली असायची. मागच्या दोन बाकांवर माणसं, काही माणसांच्या मांडीवर माणसं, पायांत मेथीच्या जुड्या आणि कुणाची तरी कोंबडी. तरी हा, आमचा ड्रायव्हर, दरवाजा धरून उभाच. जागा नसली तरी आपण म्हटलं की होते, असा त्याचा विश्वास होता, आणि खरंच व्हायची. मी दीड माणसाची जागा घेते. हे मीच सांगून टाकते, कारण दुसऱ्याने सांगितलेलं मला खपत नाही. तो मला कधी काही बोलला नाही. फक्त माझ्या शेजारच्याला म्हणायचा, “तुमी जरा श्वास सोडा ना!”

सगळे बसले की तो आरसा नीट करायचा. गाडीतला आरसा मागचं बघायला असतो असा तुमचा-माझा समज. त्याच्या गाडीत तो मिशी बघायला होता. डाव्या टोकाला एक पीळ, उजव्या टोकाला एक पीळ, मग चावी. कुणाची कचेरी चुको, कुणाचं लग्न चुको, हा क्रम चुकायचा नाही. आवाजही मिशीला शोभेलसा. धसईच्या नाक्यावर त्याने “मुरबाड, मुरबाड, मुरबाड!” अशी हाळी दिली की पलीकडच्या वाडीतली माणसं चपला शोधायला लागायची.

आमचं गाव धसईच्याही पलीकडे. मी मुरबाडच्या एका शाळेत क्लार्क, त्यामुळे रोजचं जाणं-येणं त्याच्याच काळ्या-पिवळीतून. शिवाय शेजारी. दोन घरांच्या मध्ये एक शेवग्याचं झाड, आणि शेंगा कुणाच्या यावरून त्याच्या बायकोचं, मनीषाचं, आणि माझं दरवर्षी एक छोटंसं भांडण. आता ते लोक इथे नाहीत. मनीषाचं माहेर शहापूरकडचं, तिकडेच घर बांधलं. तो किन्हवलीच्या रस्त्याला गाडी चालवतो म्हणे. समोर असता तर हे लिहायची माझी छाती झाली नसती.

त्या दोघांची एक लेक, परी. तेव्हा दोन वर्षांची होत आली होती. म्हसा गावच्या जत्रेचे दिवस, गाडीला उसंत नाही, म्हणून तो सकाळीच अंगणात गाडी धूत होता. परी नेहमीसारखी बॉनेटवर. तिच्याही हातात एक फडकं असायचं, त्याने ती काच आणखी खराब करायची आणि तो म्हणायचा, “वा! मालकीनबाई!” त्या दिवशी तो फडकं बुचकळायला खाली वाकला. एवढंच. ती घसरली आणि नळाखालच्या दगडावर कपाळ आपटलं.

पोरीचं रडणं मला ऐकू आलं नाही. त्याची हाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा त्या हाळीत मुरबाड नव्हतं.

मीही जीपमध्ये चढले. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे दवाखान्याच्या बाबतीत मी गावात अनुभवी समजली जाते. निदान मी समजते. मनीषा परीला छातीशी धरून पुढे, कपाळावर टॉवेल दाबलेला, टॉवेल लाल होत चाललेला. तो गाडी अशी चालवत होता की खड्डे आम्हाला घाबरून बाजूला होत असावेत.

धसईच्या नाक्यावर काखेत कोंबडी घेतलेल्या एका म्हाताऱ्याने हात केला आणि जीप थांबली.

“अवो, थांबवली कशाला!” मनीषा किंचाळली.

“पाय गेला गो ब्रेकवर! आपोआप गेला!”

तोवर म्हातारा आत येऊन बसलाही होता. पुढच्या फाट्यावर दोन बायकांनी हात केला. पाय पुन्हा गेला. वर्षानुवर्षांची सवय, डोकं नको म्हणत होतं आणि पाय ऐकत नव्हता. आत आलेल्या माणसाला टॉवेल दिसायचा आणि तो कडेला सरकून बसायचा. एका बाईने आपला धुतलेला पंचा पिशवीतून काढून पुढे दिला. मुरबाडला दवाखान्यासमोर गाडी थांबली तेव्हा बाजाराला निघालेली ती सगळी माणसं आमच्याबरोबर उतरली. केसपेपरवाल्याने विचारलं, “पेशंटबरोबर कोण आहे?” सगळ्यांनीच हात वर केले.

कपाळाला टाके घालायचे होते. डॉक्टर म्हणाले, “वडील कोण? या इकडे. घट्ट धरा, अजिबात हलता कामा नये.”

त्याने धरलं. मी धीर द्यायला पुढे झाले, सुई पाहिली आणि मला पुढचं काही आठवत नाही. आणली होती एक पेशंट, खाटा लागल्या दोन. मी शुद्धीवर आले तेव्हा माझ्या उशाशी तो कोंबडीवाला म्हातारा पंख्याऐवजी केसपेपरने मला वारा घालत होता आणि टाके घालून झाले होते. परी मनीषाच्या खांद्यावर हुंदके देत होती. त्याने घ्यायला हात पुढे केले. तिने ते हात पाहिले, वर ती मिशी पाहिली, आणि जी किंकाळी फोडली, ती माझ्या शाळेपर्यंत गेली असेल.

तिच्या बाजूने विचार करा. डॉक्टर परका माणूस, त्याचं काय? पण दुखत असताना आपल्याला गच्च दाबून कुणी धरलं, हे तिने नीट बघून ठेवलं होतं.

डोक्याचा फोटो काढायला पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. तिथे कळलं की आत थोडा रक्तस्राव आहे. “वाढला नाही तर काही करावं लागणार नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण काही दिवस इथे ठेवू. लक्ष ठेवायचं. आणि हिला फार रडू देऊ नका.”

नेमकं हेच त्याच्या हातात नव्हतं. तो वॉर्डच्या दारात आला की परी रडायची. खाटेशी आला की ओकारी येईपर्यंत रडायची. शेवटी सिस्टरने त्याला बाहेरच काढलं. ज्या माणसाने चौदा जणांच्या गाडीत पंधराव्याला जागा केली, त्याला लेकीच्या खाटेशी उभं राहायला जागा मिळेना. जिन्यापाशी बसून होता. मी चहा घेऊन गेले तर कपाकडे न बघताच म्हणाला, “वयनी, बॉनेटवरनं उतरवायला होवी मी तिला. नाय उतरवली. आन वर मीच दाबून धरली.”

मला बोलायची इतकी हौस, पण चहा गार होतोय, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी माणूस सरळ आमच्या खाटेशी येऊन उभा राहिला. मी फणकाऱ्याने म्हटलं, “ओ, कुणाकडे आलात? इथं एकालाच परवानगी आहे!” माझं स्वतःचं तिथे असणं बेकायदा होतं, ते सोडा.

“मी हाय, वयनी,” तो माणूस बारीक आवाजात म्हणाला.

मिशी गेली होती! बाहेरच्या सलूनात जाऊन साफ उतरवून आला होता. जिथे ती होती तिथे गोरीपान पट्टी, जशी भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर मागे उरते. मिशीखाली एवढा लाजाळू माणूस राहत होता, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

“दुरून मिशी दिसली का रडते ती,” तो त्याच किनऱ्या आवाजात म्हणाला. “आवाज पन बदलला. वलखू नाय यायचा.”

परी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. आमच्याकडच्या पुरुषांना झाडून सगळ्यांना मिशा. तिच्या ओळखीत बिनमिशीचा पुरुष एकच, शहापूरचा मामा. तिने आपला हिशेब केला आणि दोन्ही हात पसरले. “मामा!”

त्याने तिला उचलली. “हां,” तो किनऱ्या आवाजात म्हणाला, “मामा.”

“मामा?” मनीषा म्हणाली. “मंग मी कोन तुमची?”

“गप गो! दोन दिस बहीन हो.”

अख्खा वॉर्ड हसला. त्या खोलीत प्रत्येक खाटेवर काही ना काही दुखत होतं, पण हसले सगळे.

दुपारी खरा मामा शहापूरहून केळी घेऊन आला. परीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, केळं घेतलं आणि पुन्हा नव्या मामाच्या मांडीवर जाऊन बसली. तो बिचारा म्हणाला, “भावजी, माजी पोस्ट घेतली व्हय तुमी?”

मजा चालली होती तोवर डॉक्टरांची फेरी आली. नवी डॉक्टर होती, तरुण मुलगी. तिने परीच्या डोळ्यांत बॅटरी पाडली, हात-पाय हलवून पाहिले आणि गोड आवाजात विचारलं, “हे कोण गं?”

“मामा.”

“आणि ही?”

“आई.”

“अरे वा! बाबा कुठेयत मग?”

परीने खोलीभर पाहिलं. “बाबा नाय.”

“बाबा आले नाहीत का?” डॉक्टरने मनीषाला विचारलं.

“हेच ना बाबा,” मनीषा म्हणाली.

डॉक्टरचं हसू गेलं. तिने पुन्हा विचारलं, परीने पुन्हा तेच सांगितलं. मग ती मोठ्या डॉक्टरांशी हळू आवाजात बोलायला लागली. परत फोटो काढू या, वडिलांना ओळखत नाही, असं काहीबाही कानावर आलं. मनीषाने तोंडावर पदर घेतला. तो खाटेचा दांडा धरून खालीच बसला. आणि मी? मी पडायला रिकामी खाट शोधत होते. सांगायला लाज वाटते, पण त्या भीतीत खरं कारण एकाच्याही लक्षात येईना. ज्याने मिशी काढली होती त्याच्यासुद्धा.

मग त्याचा हात सवयीने ओठावर गेला. पीळ द्यायला काही सापडलं नाही, म्हणून बोटं तिथेच चाचपडत राहिली.

“डॉक्टर, मिशी!” मी ओरडले.

“काय?”

“मिशी! आज सकाळीच काढली!”

माझ्या फोनमध्ये दसऱ्याला जीपची पूजा केली तेव्हाचा फोटो होता. झेंडूचा हार, जीप, आणि मधोमध मिशी. डॉक्टरने तो परीपुढे धरला. परीचा खालचा ओठ थरथरला. “बाबा,” ती म्हणाली, आणि भोकाड पसरून तिने मामाच्या शर्टात तोंड खुपसलं.

“छान,” डॉक्टर म्हणाली. “ओळखते.”

“वलखलं!” तो सगळ्या वॉर्डला सांगत सुटला. “मला बघून रडली! बघितलंव? रडली!” लेक आपल्याला बघून रडली याचा एवढा आनंद झालेला बाप मी दुसरा पाहिलेला नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत तो हसत होता. मग तो हात मध्येच थांबला. त्याला घाबरून ती त्याच्याच कुशीत शिरली होती, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं.

रक्तस्राव वाढला नाही. परीला घरी सोडलं. त्याने मिशी काही वाढू दिली नाही, रोज सकाळी शेवग्याखाली उभा राहून दाढी करायचा. नाक्यावर लोक त्याला मामा म्हणायला लागले. “मामा, जागा हाय का?” तोही हसून म्हणायचा, बसा. पण आरशात बघायचा नाही.

एकदा मी पुढच्या सीटवर होते. म्हणाला, “वयनी, पोर घरभर खेळते, मामा मामा करते. बाबाचं नाव एकदा पन नाय काडत.”

“मग बोला की तिच्याशी खऱ्या आवाजात.”

“बोललो एक दिस. आंग चोरून बसली.” त्याने वळण घेतलं. “ऱ्हाऊदे. मामा तर मामा. मांडीवर तर बसते.”

मग टाके काढायचा दिवस आला. मुरबाडचा तोच दवाखाना, तीच खोली. या वेळी मी शहाणपणा केला, आधीच बाकावर बसले आणि तोंड भिंतीकडे करून घेतलं. मनीषा म्हणाली, मी धरते. पण परी तिच्या हातांतून दोनदा निसटली. डॉक्टर म्हणाले, “असं नाही जमायचं. वडील कुठे आहेत?”

तो दारात होता. मला ऐकू आलं, तो मनीषाला म्हणाला, “आता मामा पन जानार.”

आणि त्याने धरलं. मी भिंतीकडे बघत होते, पण भिंतीला कान असोत-नसोत, मला होते. “मामा नको! मामा नको!” परी ओरडत होती. मामा ऐकेना. कात्रीचा एक बारीक आवाज. मग दुसरा. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती जिवाच्या आकांताने ओरडली, “बाबा! बाबा ये! मामा मारतो! बाबा!”

तो किनरा आवाज विसरला. सगळंच विसरला. धसईच्या नाक्यावरून पलीकडच्या वाडीत पोचणारी ती हाळी त्या एवढ्याशा खोलीत उमटली, “आलो गो परी! आलो!”

परी एकदम गप्प झाली. मी वळून पाहिलं. तो तिला दोन्ही हातांनी गच्च धरून होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. आणि ती, कपाळावर अर्धे टाके, नाक वाहतंय, त्याच्या हातांतून मान लांब करून दाराकडे बघत होती. बाबा आता आत येणार म्हणून.

खरं सांगते, आम्ही सगळ्यांनीच दाराकडे पाहिलं. डॉक्टरांनीसुद्धा.