आतली कडी

घरातलं काही बिघडलं की मीच दुरुस्त करते. हौस म्हणून नव्हे, वैतागून. नळवाल्यानं फोनवर "निघालोच" म्हणावं आणि आपण दिवसभर त्याची वाट बघत बसावं, हे माझ्या स्वभावात बसत नाही. पेचकस, पक्कड आणि एक जुनी कानस स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्येच पडून असतात.

सिंदी मेघेतल्या या घरात आई आणि मी, दोघीच. ती आमच्या गावाहून, आंजीहून, माझ्याकडे आली तेव्हा तिचे गुडघे कामातून गेले होते, पण संडासात जाताना तिला कोणाचा हात चालत नसे. आत गेली की कडी. गावातल्या घरात संडास बांधला तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते. फरशी कोणती, भांडं कोणतं, यातलं तिनं काही विचारलं नाही. मिस्त्रीला एवढंच सांगितलं, "कडी अंदरून चांगली जाड लावजो."

गेल्या पावसाळ्यात इथलं लाकडी दार फुगलं, त्यात वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले. दार खाली बसलं आणि कडी चौकटीच्या भोकात घट्ट अडकली. आई आत. मी बाहेरून सांगत होते, दार जरा वर उचल, मग कडी ओढ. तिच्या हातात तेवढा जोर कुठला? "मले जमून नाई राह्यलं वो," ती म्हणाली. तिला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती. शेवटी मी दाराखाली लोखंडी सब्बल घालून दार उचललं, तेव्हा कुठे कडी सरकली.

बिजागरीच्या भोकांत काड्या ठोकून मी स्क्रू पुन्हा आवळले, दार नीट लागू लागलं. पण कडी काढून टाकली ती टाकलीच. उद्या आई आत पडली तर दार फोडायला मी कोणाला बोलावणार होते?

 आईनं पाणी पिणं कमी केलं. मी भाजी आणायला बाहेर पडले की मगच ती संडासात जायची. मला राग आला. घरात दोघी बायका, त्यातली एक पोटची पोर, मग लाज कोणाची? तसं मी तोंडावर बोलून दाखवलं. तिनं पदर नीट केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मग एका दुपारी आतून धप्प आवाज आला. मी धावले, दार ढकललं, तर उघडेना. कडी नसताना! आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. त्यानं फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व अडकला होता आणि पाणी सारखं वाहायचं, म्हणून टाकीचा कॉक बंद करून मी आत बादली भरून ठेवत होते. आईनं तीच भरलेली बादली दाराला लावली होती. हात जाईल एवढी फट झाली, तिच्यातून मी बादली कलंडवली. चक्कर येऊन आई भिंतीला टेकून बसली होती. लागलं कुठे नव्हतं. मला बघून म्हणाली, "थांब, लुगडं नीट करू दे."

त्या दिवशी मी व्हॉल्व काढून व्हिनेगरमध्ये भिजवला, दाताच्या जुन्या ब्रशनं घासला, वायसर बदलला. फ्लश सुरू झाला, बादली बाहेर आली. आणि कडी परत लावली. फक्त तिच्या दांड्याचं टोक लोखंड कापायच्या पात्यानं कापून टाकलं. कडी सरकायची, खट् वाजायची, पण चौकटीपर्यंत पोचायची नाही. आपल्या डोक्याचं मला कौतुकच वाटलं.

आई आत गेली. खट् वाजलं. मग तिनं दार ओढून पाहिलं, आणि ते सरळ उघडलं. कडी लावल्यावर ती दर वेळी असं ओढून बघत असेल, हे मला माहीत नव्हतं.

"तू मले फसवून राह्यली?"

"आई, तू अंदर पडशीन अन् मी बाहेर दार ठोकत राहीन," मी म्हटलं. "मले भेव लागते."

बराच वेळ ती कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "मंग तू इथं बस. पाठ करून."

मला एकदम गावचा रस्ता आठवला. तिन्हीसांजेला बायका रस्त्याच्या कडेला बसायला जायच्या. आई मला सोबत न्यायची आणि स्वतःकडे पाठ करून उभी करायची. कोणी येताना दिसलं की मी सांगायचं. तिच्या आणि जगाच्या मधे तेवढी एक पोर उभी असायची, आणि तिला ती पुरायची.

आता मी दाराबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर पाठ करून बसते. दार नुसतं लोटलेलं असतं. आई पुन्हा पोटभर पाणी पिते. मधेच आतून विचारते, "हायेस का वो?" मी "हाव" म्हणते.

परवा तिनं वेगळंच विचारलं. "तुयासाठी कोन बसन वो बाई?"

  आत टाकी भरत होती. थोड्या वेळानं दार उघडलं आणि आईनं माझ्या खांद्यावर हात टेकला. मी लगेच वळले नाही. मला आधी डोळे पुसायचे होते.