डावीकडे बघ, मिलिंद

"मेंदूच्या उजव्या भागात, मागच्या बाजूला एक गाठ दिसतेय," हॉस्पिटलमधल्या रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालच्या डॉक्टर, म्हणाल्या. आधी त्यांनी पडदा ओढून घेतला होता, मग खुर्ची घेऊन आमच्या समोर बसल्या होत्या.

मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, विचारलं, "म्हणजे चष्मा बदलून उपयोग नाही?"

त्या हसल्या नाहीत. "डोळे अगदी उत्तम आहेत तुमचे," म्हणाल्या.

चष्म्याचं विचारायला कारण होतं. त्या दिवशी सकाळी आम्ही लंडनमधल्या ईलिंगला, आमच्या हाय स्ट्रीटवरच्या ऑप्टिशियनकडे गेलो होतो, ते केवळ मी मागे लागले म्हणून. गाडीची डावी बाजू दोनदा घासली होती. दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा लागायचा. "पन्नाशी आली, नंबर वाढला असेल," एवढंच त्याचं म्हणणं.

तिथल्या तरुण मुलीने त्याची व्हिज्युअल फील्ड टेस्ट घेतली. म्हणजे एका यंत्रात डोकं ठेवायचं आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. डावीकडचे दिवे त्याला दिसलेच नाहीत, आणि तेही दोन्ही डोळ्यांना. तिने टेस्ट पुन्हा घेतली. मिलिंद वैतागला. ती शांतपणे म्हणाली, "दोन्ही डोळ्यांना एकच बाजू दिसत नसेल, तर अडचण डोळ्यांच्या मागे असू शकते. आजच हॉस्पिटलला जा." आणि गाडी चालवू नका, असंही तिने बजावलं. आम्ही बसने गेलो. तिची मी जन्मभर ऋणी राहीन.

सीटी स्कॅननंतर एमआरआय झाला. गाठीचं नाव मेनिन्जिओमा. मेंदूवर जे आवरण असतं, त्यातून ही गाठ वाढते आणि मेंदूला दाबत राहते. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते, पण काढल्यावर तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही. मग एमडीटी झाली, म्हणजे सर्जन, स्कॅन वाचणारे, कॅन्सरचे डॉक्टर, नर्स असे सगळे एकत्र बसून प्रत्येक पेशंटचा विचार करतात. ठरलं : क्रॅनिओटॉमी. कवटीचा तुकडा उघडायचा, गाठ काढायची, तुकडा परत बसवायचा. सर्जन हे सांगताना सुताराइतके निवांत होते. मला त्याचाच आधार वाटला.

ऑपरेशनपर्यंत सूज कमी करायला स्टेरॉइड होती. त्यांनी भूक वाढते आणि झोप उडते, हे कुणीतरी आधी सांगितलेलं बरं, म्हणून मी सांगते. मिलिंद पहाटेच उठून पोळ्या गुंडाळून खात बसायचा. मूळचा नागपूरचा गडी, सोबत ठेचा हवाच.

आमची लेक प्रज्ञा केंब्रिजला लॅबमध्ये काम करते. इथेच जन्मलेली. ऑपरेशनच्या सकाळी ती आली, आणि बाबाला ट्रॉलीवरून नेताना त्याच्या कानाशी म्हणाली, "बाबा, घाबरू नको. तुझा डोकं खूप स्ट्राँग आहे." एरवी तिचं मराठी हसत हसत सुधारणारा मिलिंद तेव्हा नुसती मान हलवत राहिला.

वेटिंग रूमबद्दल काय लिहू? फोन चार्जिंगला होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. विहारातल्या वंदनेच्या ओळी मनात म्हणायला घेतल्या, तर अर्ध्यावर विसरायचे, पुन्हा सुरुवात करायचे. संध्याकाळी सर्जन स्वतः आले. टोपीचा वळ अजून कपाळावर होता. "जवळजवळ सगळी गाठ निघाली. आता सूज उतरायला वेळ द्या."

सूज उतरायला वेळ द्या, या वाक्याचा अर्थ मला पुढच्या दिवसांत कळला.

मिलिंद शुद्धीवर आला. नाव सांगितलं, हात हलवले. मी त्याच्या पलंगाशेजारी बसून राहिले, अधूनमधून त्याचा हात धरून. चहाची वेळ झाली तेव्हा त्याने समोरच्या नर्सला इंग्रजीत विचारलं, "माझी बायको आली नाही का अजून?"

मी डावीकडे बसले होते.

"मिलिंद, मी इथेच आहे रे."

त्याने उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं. माझा आवाज कुठून येतोय ते त्याला उमगत नव्हतं. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. तोंड धुतलं आणि येऊन खुर्ची उजवीकडे ठेवली. मला पाहून त्याचा चेहरा असा फुलला, की इथून पुढे आपण उजवीकडेच बसायचं असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आल्या. अंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या त्या. आयरिश बाई, आवाज मोठा. त्यांनी सांगितलं, याला नेग्लेक्ट म्हणतात. नुसतं न दिसणं वेगळं. इथे डावी बाजू जगात आहे, हेच मेंदू विसरतो. मग त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं.

"ही खुर्ची परत तिकडे ठेवा."

"पण तिकडे मी त्याला दिसत नाही."

"म्हणूनच. त्यांना सगळ्यात जास्त कुणाला शोधावंसं वाटेल? तुम्हालाच ना?"

खुर्ची उचलताना मला त्या बाईंचा रागच आला. डावीकडे बसून मी दिवसभर म्हणत राहिले, "डावीकडे बघ, मिलिंद. अजून. अजून थोडं." त्याची मान पलंगाच्या कठड्यापर्यंत येऊन थांबायची. संध्याकाळी प्रज्ञा माझ्यामागे उभी होती, तेव्हा त्याची मान हळूहळू वळली, कठड्याच्या पुढे आली, आणि माझ्याकडे बघून तो म्हणाला, "अगं, केव्हा आलीस?"

मी म्हटलं, "आत्ताच."

घरी आल्यावर जेवणाचा प्रश्न आला. आपल्या ताटाची डावी बाजू म्हणजे चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबू. मिलिंद भाजी-पोळी खायचा आणि तक्रार करायचा, "आज ठेचा नाही केलास?" ताट फिरवून द्यायला माझे हात शिवशिवायचे. पण मी म्हणायचे, "आहे, शोध." मग तो ताटाच्या कडेवरून बोट फिरवत डावीकडे जायचा आणि ठेच्यात बोट बुडालं की ते चाटून ओरडायचा, "सापडला!" वाचतानाही तीच गत. ओळीची सुरुवातच सुटायची. थेरपिस्टबाईंनी पानाच्या डाव्या समासात लाल पट्टी लावायला सांगितली : पट्टी दिसल्याशिवाय वाचायला लागायचं नाही.

आमच्या स्पेशालिस्ट नर्सचा एक दिवस फोन आला. प्रत्येक पेशंटला अशी एक नर्स असते, शंका आली की तिलाच विचारायचं. "ग्रेड वन," ती म्हणाली. म्हणजे हळू वाढणारी गाठ, कॅन्सर नाही. दरवर्षी स्कॅन, एवढंच. मी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली.

नेग्लेक्ट बरंच सरलं. डाव्या कडेचं थोडं अजून दिसत नाही, त्यामुळे गाडीचं लायसन्स परत मिळालं नाही. त्याचं मिलिंदला वाईट वाटतं, आणि वाटू दे. सगळं पूर्वीसारखं झालं असं मी कुणाला सांगणार नाही. तो लवकर थकतो, गोंगाटात चिडतो. पण तुमच्या घरी कुणी चौकटीला खांदा आपटत असेल, तर त्याला धांदरट म्हणण्याआधी डोळे तपासायला न्या. आणि माणूस बरा होत असताना माया कधीकधी त्याच्या वाटेत येते, हेही लक्षात असू द्या.

यंदा आमच्या मंडळाच्या भीमजयंतीला मिलिंदने आभारप्रदर्शन मागून घेतलं. हे काम त्याचं ठरलेलं, आणि त्याचं भाषण लांबतं म्हणून लोक चहाकडे पळतात हेही ठरलेलं. या वेळी कुणी उठलं नाही. त्याने हॉल देणाऱ्यांचे, जेवण करणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, डबे पोचवणाऱ्यांचे, हॉस्पिटलला गाडीने नेणाऱ्यांचे आभार मानले. कागदात न पाहता, सगळी नावं घेऊन. आवाज दोनदा अडखळला.

बाहेर पडताना प्रज्ञाने त्याला धरलं. "बाबा, तू आईला थँक्यू नाही बोलला!"

मिलिंद थांबला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"आभार मानायला ती काय परकी आहे?"

प्रज्ञाला ते पटलं नाही. मी तिला म्हटलं, "राहू दे." आणि त्याच्या हातात हात घालून बस स्टॉपकडे निघाले.